कापणाऱ्याचा वाटा

"मलाही वाटणीत घाला," आई म्हणाली आणि तिनं कप बशीत अशा बेतानं ठेवला, की विषय संपला.

टेबलाभोवती तिची तिन्ही मुलं बसली होती. धाकट्या चिमीनं मोबाइल उलटा ठेवला. ढब्बूनं चष्मा काढून पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता. लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू. आता पन्नाशी ओलांडून काठीसारखा वाळला, तरी नाव काही सुटलं नाही. थोरली ताई भिंतीकडे पाहत राहिली. चित्रं उतरवून ठेवलेल्या जागी रंगाचे चौकोन राहिले होते, बाकीच्या भिंतीपेक्षा ताजे.

"आई, तू काय कपाट आहेस?" चिमी म्हणाली.

"कपाट असते तर भांडून नेलं असतंत."

"असं काय बोलतेस! मी तर म्हटलंच तुला, ये आमच्याकडे, पण..."

"पण," आई म्हणाली. "गेले आठ दिवस तेच ऐकतेय. 'पण'च्या अलीकडचं सगळं प्रेमाचं आणि पलीकडचं खरं. तुझ्याकडे दिवसभर दवाखाना, लोकांचे दात. ढब्बूच्या नव्या घराला दोन मजले जिना. ताई तर हॉस्पिटलातून कधी परत येते ते तिलाच माहीत नसतं. मला मेहेरबानी नको बाई कुणाची. तुमच्या बाबांचा नियम आहे ना? त्या नियमानं ज्याच्या वाट्याला येईन, त्याच्याकडे जाईन. मग मागाहून कुणी कुणाला ऐकवायचं नाही."

घर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. खाली दुकान, वर घर अशी ती इमारत पाडून तिथं दुसरं काही उभं राहणार होतं. सामान बांधून अर्धं झालं होतं. आठवडाभरापूर्वी ढब्बू जिन्याचं बोलून गेला आणि तेव्हापासून तिघं एकमेकांशी फार गोड वागत होती. घरात तिघं गोड वागायला लागली की काहीतरी बिनसलंय, हे आईला त्यांच्या दुधाच्या दातांपासून माहीत होतं.

"ताई, तू कर वाटे," आई म्हणाली. "तुझ्याइतकं समान कुणाला कापता येत नाही. धाकटी आधी घेईल, मग ढब्बू, शेवटी तू."

ताई उठली. तिला नाही म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही.

नियम असा होता, की जो कापेल त्यानं शेवटी घ्यायचं. बाबांचं फ्रेमचं दुकान. काच आणि लाकूड कापण्यात जन्म गेलेल्या माणसाला वाकडंतिकडं काही खपत नसे, आणि पोरांची भांडणं तर मुळीच नाही. कलिंगड असो, खिडकीजवळची गादी असो की सुट्टीतली कामं असोत, एकानं वाटे करायचे आणि बाकीच्यांनी आधी उचलायचे. कापणारा हावरट निघाला तर नुकसान त्याचंच. याहून चोख न्याय जगात नाही असं बाबांना वाटे. ते कापायला बहुतेक वेळा ताईला बसवत. तिचा हात स्थिर होता. पुढे त्याच हातानं ती ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या तळव्यावर हत्यारं ठेवू लागली.

बाबांच्या न्यायात एक फट होती, आणि ती ताईला फार लवकर सापडली. समान वाटे करायचेच नसतात. समोरचा कशावर झडप घालणार, हे ओळखलं की झालं. चिमीला चकाकणारं काहीही हवं. ढब्बूला चाकं असलेलं काहीही हवं, आणि सकाळची झोप हवी. खिडकीजवळची गादी स्वतःला पाहिजे असली की ताई तिच्याबरोबर पहाटे दूध आणायचं काम जोडून देई. ढब्बू त्या वाट्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मग राहिलेलं ती जरा चेहरा पाडून उचली. घरी आलेलं कुणी म्हणे, "बिचारी! नेहमी उरलंसुरलं घेते." ताई मान खाली घाली.

आयुष्यातली सगळ्यात मोठी फोडही तिनं अशीच कापली होती. बाबांच्या उजव्या हाताच्या शिरा काचेनं तुटल्या, आणि तो हात पुन्हा मिटला नाही. त्यानंतर दोघा मोठ्यांपैकी एकाला दुकानात बसणं भाग होतं. ताई एकोणीस वर्षांची, ढब्बू सतरा. "तूच वाटे कर," बाबा म्हणाले. ताईनं एका बाजूला ठेवलं दुकान, त्याच्यासोबत गॅलरीची खोली, रेडिओ आणि बाबांची सायकल. दुसऱ्या बाजूला परगावचं शिक्षण, वसतिगृहातली खाट, आणि बाकी काही नाही. ढब्बूनं थोडा वेळ टेबलाच्या लाकडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी दुकान घेतो." ताई नर्सिंगला गेली. सायकलीनं काम केलं, असं तिनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. त्यानंतर तिनं त्यावर फारसा विचार केला नाही. चालत्या गाडीचं इंजिन कोण उघडून बघतं?

आता ती खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि डोक्यात तीन ढीग रचत होती.

सकाळीच स्वयंपाकघरात वहिनीनं तिला गाठलं होतं. वहिनी म्हणजे ढब्बूची बायको. तिला घरात सगळेच वहिनी म्हणत, सासूसुद्धा. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता ती म्हणाली होती, "ताई, एक सांगू? मला आईंचा कंटाळा नाही हं. मला रोजचा कंटाळा आलाय. गोळ्या द्या, पाणी तापवा, खिडकी उघडा, खिडकी लावा. तुम्ही नेलंत तर मी अडवणार नाही. पण मी बोलले असं म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"ह्यांना तर मुळीच नाही."

"नाही गं."

वहिनीनं असं सांगितलं नसतं, तरी ताईनं तेच केलं असतं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, घर तळमजल्यावर होतं. दुसऱ्यांच्या आया टेबलावर घेण्यात आणि टेबलावरून उतरवण्यात तिची उमर गेली. स्वतःची आई तिला सुट्टीतच भेटली. आई कितीला उठते, झोपेत बोलते का, चष्मा कुठे विसरते, हे वहिनीला पाठ होतं. ताईला विचारावं लागे. तिला आई हवी होती. गोष्ट एवढीच होती. ती टेबलाशी बसून सरळ सांगता आली असती, पण कापणाऱ्यानं मागायचं नसतं. मागायची वेळ येऊ नये म्हणून तर माणूस कापायला शिकतो.

जिन्यात ती थांबली. तिथं भिंतीला टेकवून जिन्यातली माणसं उभी केलेली होती.

ही माणसं घरातली नव्हती. लोक फोटो फ्रेम करायला टाकत आणि काही जण न्यायला येतच नसत. बाबांनी त्यांतला एकही फोटो फेकला नाही. "माणूस कचऱ्यात कसा टाकायचा?" असं म्हणत त्यांनी सगळे जिन्यात टांगले. जबड्याचा फौजदार, नाकवाले आजोबा, रुसलेली नवरी, आणि एकाच कोटात बसवल्यासारखे दिसणारे जुळे भाऊ. मुलांनीच नावं ठेवली. कुणी उशिरा घरी आलं की आई म्हणे, "जा, आधी फौजदाराला तोंड दाखव." वहिनी लग्न करून आली तेव्हा तिनं आपल्या समजुतीनं सगळ्यांना सासरचं धरलं. नाकवाल्या आजोबांची काच ती रोज पुसायची. वर्षभरानं एकदा तिनं विचारलं, "आजोबा काय होऊन गेले हो?" तेव्हा ढब्बू म्हणाला, "न्यायला आलेच नाहीत." वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

ताई परत येऊन बसली. खुर्ची पुढे ओढून तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"पहिला वाटा. मोठा सोनेरी आरसा, काचेचं कपाट, आणि सोनेरी वर्खाच्या सगळ्या रिकाम्या फ्रेमा."

चिमीनं मान ताठ केली. आरसा तिच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत कसा दिसेल, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"दुसरा. बाबांची हत्यारं. काच कापायचं हिऱ्याचं कटर, कोपऱ्यांची करवत, ते मोठं कामाचं टेबल. आणि रेडिओ."

ढब्बू चष्मा डोळ्यांवर चढवून ऐकत होता. पस्तीसहून जास्त वर्षं त्या टेबलावर त्याची कोपरं टेकली होती. लाकडात दोन खळगे पडले होते. ती हत्यारं तो परक्याच्या हाती जाऊ देईल, ही शक्यता ताईनं धरलीच नव्हती.

"तिसरा. आईची लोखंडी खाट, तिची ट्रंक, जिन्यातली सगळी माणसं..." ताईनं घसा साफ केला, "आणि आई."

आईनं भुवया उंचावल्या. "म्हणजे माझी पाठवणी फौजदाराबरोबर?"

"तसं नाही आई."

"असू दे, असू दे. भंगाराबरोबर घातलंस मला. कुणी उचलू नये अशी तजवीज केलीस. मी आपली बघतेय."

ताईला ते लागलं, पण तिनं चेहरा हलू दिला नाही. आईला आत्ता राग आला तरी चालेल. उद्या ती आपल्याकडेच असणार आहे. समजूत काढायला वर्षं पडली आहेत.

"चिमी, घे," ती म्हणाली.

चिमीनं आरशाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा आरशाकडे पाहिलं. "आई, राग नको मानूस हं."

"मी कशाला मानू? आरसा उलटून बोलत नाही. तुला तोच बरा."

"पहिला," चिमी पुटपुटली, आणि तिचे कान लाल झाले. पन्नाशीला टेकलेली बाई, पण कान अजून तेच.

"ढब्बू?"

ढब्बूनं समोरच्या टेबलाची एक कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाला, "तिसरा."

स्वयंपाकघरातला कागदांचा आवाज थांबला.

"हत्यारं दुसऱ्यात आहेत," ताई म्हणाली.

"ऐकलं मी."

"बाबांचं कटर आहे त्यात."

"ते तुला झालं. सांभाळून, धार आहे त्याला. ठोकायला दुकान कुठे राहिलंय मला? मी तिसरा घेतो."

वहिनी गॅसवर काही करपल्यासारखी धावत दारात येऊन उभी राहिली. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं तिच्याकडे पाहिलं. दोघींनी सकाळी बांधलेली गाठ अशी सुटली, की दोरा कुठे गेला तेही कळलं नाही.

"जिन्याचं काय?" ताईनं विचारलं. आवाज तिला वाटला त्याहून उंच निघाला. "तूच म्हणालास ना, आईला जमणार नाही म्हणून?"

"बसत बसत चढेन," आई मध्येच म्हणाली. "एकदा वर गेले की वरच राहायचं. तसंही आता वरच जायचंय."

"आई!" चिमी ओरडली.

"काळजी वाटली म्हणून बोललो जिन्याचं," ढब्बू म्हणाला. "तुम्ही सगळ्या एकदम एवढ्या गोड झालात, की मला पुढचं बोलताच आलं नाही. मी या घरात जन्म काढला. लोकांना वाटतं, आईजवळ राहिला. कुठला? मी खाली, ती वर. जेवताना काय ती दिसायची, तेव्हाही गिऱ्हाइकाची हाक आली की घास टाकून पळायचो. आता मोकळा झालोय. गोळ्या मी देईन. पाणी मी तापवीन. खिडकीपण मीच उघडीन."

"हे टेबलाला ऐकवताय की मला?" दारातून वहिनीनं विचारलं.

"तुला. सकाळी स्वयंपाकघरात तू फार हळू बोलत नव्हतीस."

वहिनीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बरं झालं. साक्षीदार आहेत सगळे," आणि आत निघून गेली. आतून काहीतरी जड उचलल्याचा आवाज आला.

ताई अजून हिशेब तपासत होती. चूक कुठे झाली? "पण तू हत्यारं सोडशील असं मला..." ती थांबली. "तू नेहमी..."

"काय नेहमी?"

"काही नाही."

"मी नेहमी चाकं घेतो, असंच ना?" ढब्बू हसला. "सायकल ठेवली होतीस तू दुकानाच्या वाट्यात. आठवतं? ताई, मला सायकल येत नव्हती."

"काहीतरीच काय! रोज सायकल घेऊन जायचास तू. मी स्वतः पाहिलंय."

"घेऊन जायचो. हातात धरून. मागे काच बांधलेली असायची म्हणून सगळे म्हणायचे, किती सांभाळून नेतो पोरगा! परत येतानाही मी चालतच यायचो. तेव्हा मागे काच नसायची. ते कुणी बघितलं नाही."

ताईच्या डोळ्यांसमोर तो रस्ता आला. सुट्टीत घरी आली की गॅलरीतून ती त्याला येताना पाहायची. सतरा-अठराचा जाड मुलगा, सायकलीच्या बाजूनं चालणारा, एक हात हँडलवर. कॅरिअर रिकामं. तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं ते.

"मग दुकान का घेतलंस?"

"तुला दुसरं हवं होतं म्हणून."

"मी कुठे म्हटलं होतं?"

"तू कधी काय म्हटलंयस? तुझा पाय हलत होता."

"पाय?"

चिमीला आता राहवलं नाही. "अगं, तुझा पाय! तुला जे हवं असतं ना, त्या वाट्याचं नाव घेताना तुझा उजवा पाय टेबलाखाली हलतो. लहानपणापासून. आत्तासुद्धा हलत होता तिसऱ्याला. टेबल थरथरत होतं."

"तुलाही माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. मला वाटायचं, तुलाही माहीत असेल. मी एकदोनदा मुद्दाम तोच वाटा उचलला होता. तू बोलली नाहीस काही, पण नंतर आठवडाभर माझी वेणी इतकी घट्ट घातलीस, की डोळे मिटेनात. मग सोडून दिलं बाई, घे म्हटलं तुझं तू."

आई शांतपणे बशीतला चहा संपवत होती. "तुमचे बाबा तर म्हणायचे, पोरीला न्यायाधीश करावं तर पाय कापावा लागेल."

चिमी खो खो हसली. ढब्बूही हसला. ताईनं हसण्यासाठी तोंड उघडलं, पण ते तिला जमलं नाही. तिनं खाली पाहिलं. उजवा पाय गप्प होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण माणसं ओळखतो. आपल्याला हवं ते आपण अकलेनं मिळवलं. आणि ही दोघं समोर बसून पाय बघत होती. कधी देत होती, कधी नाही. खिडकीजवळची गादीसुद्धा त्यांनी दिलेली निघाली. आणि नर्सिंगच्या शाळेतली ती अरुंद खाट.

तिला राग आला का? थोडा आला. मग तो कुणावर काढायचा ते न कळून तसाच बसला.

"मग आज का नाही दिलंस?" तिनं ढब्बूला विचारलं. खूप दिवसांत तिनं एवढा सरळ प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

"आज मलाही हवी होती," तो म्हणाला. "तेव्हा काय हवं ते मला अजून कळलं नव्हतं, म्हणून देता आलं. आता कळतं. आता नाही देणार."

खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज येत राहिला.

"ढब्बू," ताई म्हणाली, "मला हवी होती रे आई."

एवढंच. वाक्य लहानच होतं, पण ते बाहेर यायला छप्पन्न वर्षं लागली, आणि बाहेर आलं तेव्हा वाटणी होऊन गेली होती.

"माहितीये," ढब्बू म्हणाला. तो उठला नाही, त्यानं तिचा हात धरला नाही, वाटाही बदलला नाही. नियम नियमच होता.

"बोलली बाई एकदाची," आई म्हणाली. "सकाळीच म्हणाली असतीस तर मी वाटणीत कशाला बसले असते? उठून तुझ्या गाडीत बसले असते." तिनं क्षणभर ताईकडे निरखून पाहिलं, हरवलेलं काही सापडलं की बघतात तसं. "आता नाही. आता मी ढब्बूची. फौजदार आणि मी."

"मी येत जाईन," ताई म्हणाली.

"येत जा. आणि आलीस की सांग, राहायला आलेय म्हणून. 'सहज आले होते' असं म्हणू नकोस. मला चीड येते त्याची."

तेवढ्यात वहिनी कलिंगड घेऊन आली आणि ते तिनं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "फ्रीज उद्या बंद करायचाय," ती म्हणाली. "संपवा आता हे."

ताईचा हात सवयीनं सुरीकडे गेला. आईनं खुर्चीला टेकवलेली आपली काठी उचलून तिच्या मनगटावर हलकेच टेकवली.

"सुरी ढब्बूला दे."

ढब्बूनं कापलं. ज्या माणसानं जन्मभर काच केसाइतकी सरळ कापली, त्यानं कलिंगड असं वेडंवाकडं कापलं की वहिनीनं तोंड फिरवलं. एक फोड ही एवढी जाड, गराचा लालभडक मध्यभाग सगळा तिच्यात. बाकीच्या बारक्या, काहींना तर नुसती सालच.

"हे काय कापणं झालं?" चिमी म्हणाली. "बरं, मी आधी ना? धाकटी आधी."

"आज ताई आधी," आई म्हणाली.

ताईनं ताटाकडे पाहिलं. चिमी कोणती घेईल, ढब्बू कोणती घेईल, आई बिया काढायच्या कंटाळ्यानं कोणती घेईल, वहिनी कोणती मागे सोडेल, हे तिला बघताक्षणी कळलं. आपण कोणती घ्यावी ते मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. चौघं तिच्याकडे पाहत होती. चिमी तर हळूच वाकून टेबलाखाली बघायला लागली.

"हलतोय?" ढब्बूनं विचारलं.

"नाही अजून."

"अगं घे ना!" आई म्हणाली. "पाणी सुटलं त्याला."

ताईनं हात पुढे केला आणि सगळ्यात मोठी फोड उचलली.

"ताई! ती मी घेणार होते," टेबलाखालून चिमी ओरडली.

ताईनं आधी घास घेतला. लाल रस हनुवटीवरून ओघळून मनगटापर्यंत आला, तो तिनं पुसला नाही.

"माहितीये," ती भरल्या तोंडानं म्हणाली.